पहिली लिपी, दुसरी लिपी

मराठी माध्यमातून शिकलेल्या आमच्या पिढीची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. गाठ कसली, चार गाठी! पहिली लिपी, दुसरी लिपी, तिसरी लिपी, चौथी लिपी. छापील मोठी अक्षरे, छापील लहान अक्षरे, आणि हाताने लिहिण्याच्या आणखी दोन तऱ्हा. ‘अ’ला एकच ‘अ’ असतो अशा लिपीतून आलेल्या मुलांना एकाच अक्षराला इतकी रूपे कशाला हवीत, हे कोडे पडायचे. मास्तरांचे उत्तर ठरलेले असे: वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामाला पहिली लिपी, बाकी सगळीकडे दुसरी. म्हणजे अक्षर तेच, फक्त मानापमानाचा फरक!

हे उत्तर इंग्रजीपुरते खरे आहे. पण ते सर्व भाषांना लागू पडते असे धरून पुढे छपाईची यंत्रे आणि संगणक तयार झाले, आणि त्याचा उपद्रव आपल्या मराठीलाही झाला. त्याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

खिळ्यांच्या दोन पेट्या

रोमन शिलालेखांतली अक्षरे सगळी मोठी. लहान अक्षरे पुढे हस्तलिखितांतून घडत गेली आणि इसवी सन ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या राज्यात त्यांना सुबक, नेमके वळण मिळाले. छपाई सुरू झाली तेव्हा दोन्ही घराणी एकत्र नांदू लागली. जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत ठेवी आणि लहान अक्षरांचे हाताजवळच्या खालच्या पेटीत. इंग्रजीतले ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ हे शब्द या पेट्यांवरूनच आले.

मराठी छापखान्यातला प्रश्न निराळाच होता. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले, तर त्याचा १८१० चा कोश मोडी खिळ्यांत. लहान-मोठ्याचा भेद दोन्ही लिप्यांत नाही. पण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नात लक्ष घातले होते आणि खिळ्यांची संख्या १९० पर्यंत आणण्याची योजना त्यांच्या नावावर आहे. थोडक्यात, इंग्रज जुळाऱ्याला ‘वरची पेटी की खालची?’ हा प्रश्न पडे, आपल्याला ‘एवढ्या पेट्या ठेवायच्या कुठे?’ हा!

रोमन लिपीतली मराठी

मराठीचा रोमन लिपीशी संबंध मात्र श्रीरामपूरच्याही आधीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’ वेगळे कसे दाखवायचे? गोव्यातल्या मिशनऱ्यांच्या परंपरेने साधी युक्ती काढली: मूर्धन्य अक्षर दुप्पट लिहायचे. एक ‘टी’ म्हणजे त, दोन ‘टी’ म्हणजे ट. रोमी कोंकणीत ही रीत आजही दिसते, आणि कुवेतमधल्या आपल्या गोवेकर शेजाऱ्यांच्या चर्चच्या पत्रकात ती कोणालाही पाहता येईल. या युक्तीचा एक गुण सहज लक्षात येत नाही. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत टाका किंवा लहान, एक ‘टी’ एकच राहते आणि दोन ‘टी’ दोनच. अर्थाला धक्का लागत नाही.

आता यापुढे पावणेचारशे वर्षे ओलांडून १९९१ सालात येऊ. अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ नावाची पद्धत तयार केली. इंग्रजी कळफलकावर रोमन अक्षरे टंकित करायची आणि छापताना देवनागरी मिळवायची. परदेशातल्या मराठी आणि हिंदी मंडळींवर या पद्धतीचे मोठे उपकार आहेत. तिच्यात लहान ‘टी’ म्हणजे त आणि मोठी ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘एन’ म्हणजे न आणि मोठा ‘एन’ म्हणजे ण. लहान ‘एल’ ल, मोठा ‘एल’ ळ. टंकायला सुटसुटीत, वाचायला सोपी. पण पहिली लिपी आणि दुसरी लिपी इथे मानापमानाची राहिली नाही, ती दोन वेगळी अक्षरेच झाली. असा मजकूर कोणी ‘व्यवस्थित’ करायला घेऊन सगळा एका लिपीत टाकला, तर ‘मन’ आणि ‘मण’, ‘वात’ आणि ‘वाट’, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक पुसला जातो. एकदा पुसला की यंत्राला तो परत आणता येत नाही.

हॉलंडमध्ये ग्रोनिंगन येथे फ्रान्स वेल्टहाउस यांनी देवनागरीची दुसरी एक पद्धत सिद्ध केली. तिच्यात ‘ट’साठी ‘टी’च्या आधी टिंब द्यायचे. टिंबाला लहान-मोठे रूप नसते, त्यामुळे निदान हा भेद तरी सुरक्षित राहिला.

कनुथसाहेबांचे कोष्टक

वेल्टहाउस यांची पद्धत ज्या अक्षरजुळणी प्रणालीसाठी होती तिचे नाव ‘टेक’. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड कनुथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून इतका विषाद वाटला की १९७७ साली त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. आपल्यातल्या ज्या अभियंत्यांनी आणि प्राध्यापकांनी प्रबंध लिहिले, त्यांना ‘टेक’ आणि तिच्यावर उभी राहिलेली ‘लेटेक’ परिचित असेल.

या प्रणालीत प्रत्येक अक्षराला दोन जोड-क्रमांक दिलेले असतात: याचे मोठे रूप कोणते आणि लहान रूप कोणते. ‘मोठे करा’ असा हुकूम दिला की प्रणाली कोष्टक पाहून अक्षर बदलते. ते अक्षर कोणत्या भाषेतले, त्याचा अर्थ काय, हे ती विचारत नाही. म्हणून जाणकारांनी पूर्वीपासून सावध केले आहे. प्रकरणाचे नाव पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत घेताना त्यात गणिताचे सूत्र असेल, तर लहान ‘एक्स’चा मोठा ‘एक्स’ होतो, आणि गणितात ती दोन वेगळी चिन्हे आहेत. पुस्तकांतर्गत संदर्भाची खूण बदलली, तर संदर्भ सापडत नाही. त्यावर डेव्हिड कार्लाइल यांनी सूत्रे आणि खुणा वगळून केवळ मजकूर बदलणारी जोड लिहिली. पुढे २०२२ साली ‘लेटेक’च्या गाभ्यातच ही सोय आली. ‘एवढ्या शब्दाला हात लावू नका’ असे सांगण्याची आज्ञाही तिच्यात आहे, आणि भाषा पाहून बदल करण्याची समजही.

भाषा पाहणे का आवश्यक? तुर्कस्तानने १९२८ साली रोमन लिपी घेतली, तेव्हा टिंबाचा ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ अशी दोन वेगळी अक्षरे ठेवली. टिंबाच्या लहान ‘आय’चे मोठे रूपही तिथे टिंबासकट असते. इंग्रजी नियमाने ते मोठे केले की टिंब जाते आणि शब्दच बदलतो. जर्मन भाषेत तीव्र ‘स’साठी एक खास अक्षर आहे. त्याला मोठे रूपच नव्हते, म्हणून तिथे दोन ‘एस’ लिहीत आणि शब्द लांबे. शेवटी २०१७ मध्ये त्याच्या मोठ्या रूपाला अधिकृत मान्यता मिळाली.

‘बाळ’चे ‘भाळ’

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. संगणकाच्या मूळ अमेरिकी संकेतात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७, म्हणजे ३२ चा फरक. हाच फरक सव्वीसही अक्षरांत असल्याने मोठ्याचे लहान करणे म्हणजे नुसती बेरीज. नव्वदीच्या दशकातल्या पुष्कळ मराठी फॉन्टांनी हीच रोमन घरे भाड्याने घेतली होती. संगणकाच्या लेखी पाटी इंग्रजी ‘बी’ची, आत राहतो मराठी ‘ब’! उच्चारानुसार मांडलेल्या फॉन्टांत लहान ‘बी’च्या घरात ब आणि मोठ्या ‘बी’च्या घरात भ, लहान ‘के’त क आणि मोठ्या ‘के’त ख, अशी सोय असे.

मंडळाच्या अंकांची जुळणी करताना मी हे फार जवळून पाहिले आहे. लेखन-प्रणाली वाक्याचे पहिले अक्षर आपण होऊन ‘सुधारून’ मोठे करी. एका कुटुंबाकडून आलेल्या आनंदाच्या निवेदनात ‘बाळ आणि आई सुखरूप’ असे होते. पडद्यावर उमटले ‘भाळ आणि आई सुखरूप’. मुद्रिते तपासणाऱ्या वहिनींच्या डोळ्यांना ते वेळीच दिसले म्हणून बरे! दुसऱ्या एका मजकुरात ‘काका’चे ‘खाका’ झाले होते. यंत्राच्या दृष्टीने त्याने शुद्धलेखनच केले होते.

शेजारची अरबी आणि आपली नावे

आपण ज्या देशात राहतो तिथल्या अरबी लिपीतही लहान-मोठे नाही. शब्दाच्या आरंभी, मध्ये, अंती आणि एकटे असताना अक्षराचे रूप बदलते, पण तो मान नव्हे, स्थान. इजिप्तच्या राजे फुआद यांच्या कारकिर्दीत १९३० च्या सुमारास ‘मुकुटाक्षरे’ म्हणून अरबीत मोठी अक्षरे आणण्याचा प्रयोग झाला, तो रुजला नाही. उलट संगणकालाच अरबीच्या वळणाने चालायला शिकवण्याचे मोठे काम कुवेतमध्ये झाले. मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ मध्ये इथे ‘अल-आलमिया’ कंपनी काढली, आणि तिचे ‘सख्र’ संगणक अरब जगात घरोघरी पोहोचले. १९९० च्या आक्रमणानंतर हे काम इजिप्तमध्ये हलले. लिपीला यंत्राच्या साच्यात कोंबायचे की यंत्राला लिपी शिकवायची, यातला दुसरा मार्ग त्यांनी पत्करला. आपल्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आपली नावे इथे दोन्ही लिप्यांतून फिरतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ४४-४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. तिथे फक्त पहिली लिपी, आकडे आणि एक भरतीचे चिन्ह चालते. ‘डिसूझा’ आडनावातले वरचे स्वल्पचिन्ह तिथे गळते. तो मजकूर पुढे एखाद्या कार्यालयात लहान अक्षरांत उतरवला, की ‘एस’ मोठा होता हे सांगायला कोणी उरत नाही. सिव्हिल आयडीवर नाव अरबीतही येते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पाटलांचे ‘बातील’ होते, आणि अरबीवरून कोणी पुन्हा रोमन केले तर ‘पी’च्या जागी ‘बी’ येते. मग मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांवर तीन नावे, आणि वडिलांच्या खेपा सुरू! मोठ्याचे लहान करताना आणि एका लिपीतून दुसरीत जाताना घडते ते एकच: जाताना काही सांडते आणि परतीच्या वाटेवर ते सापडत नाही.

आता काय करावे?

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःची घरे मिळाली. त्या घरांना लहान-मोठ्याची जोडच नाही. त्यामुळे आज युनिकोड मराठीवर ‘मोठे करा’ हा हुकूम सोडला तरी एक वेलांटीही हलत नाही. भाडेकरूचा घरमालक झाला, तो असा.

पण जुने अंक? आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात नव्वदीतल्या फ्लॉपी आणि सीडी पडून आहेत. त्यांत इथे झालेले गणेशोत्सव, नाटके, पहिल्या पिढीच्या आठवणी आणि आता आपल्यात नसलेल्या माणसांचे लेख आहेत, आणि ते सगळे भाड्याच्या घरांत अडकलेले. या फाइली हाताळताना चार गोष्टी पाळाव्यात. मूळ फाइलची एक प्रत अस्पर्शित ठेवावी. लेखन-प्रणालीची आपोआप दुरुस्ती आधी बंद करावी. मोठे-लहान करणारी कोणतीही आज्ञा देऊ नये. ज्या फॉन्टात मजकूर असेल त्याच फॉन्टाच्या कोष्टकाने तो युनिकोडमध्ये आणावा, आणि छापील अंकाशी ताडून पाहावा.

नावांच्या बाबतीतही हेच धोरण असावे. सभासदांच्या यादीत नाव ज्याने त्याने जसे लिहिले तसेच नोंदवावे, शक्य तर देवनागरीतही. मोठ्या अक्षरांची हौस फक्त छापताना भागवावी, मूळ नोंद बदलून नव्हे. अक्षर कोणत्या भाषेचे आणि कोणाच्या नावातले, हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. यंत्र ते विचारणार नाही. विचारायचे काम आपले आहे. ज्यांच्याकडे जुन्या फाइली असतील त्यांनी त्या मंडळाकडे जरूर पोहोचवाव्यात. फ्लॉपी वाचणारे यंत्र जोवर कोणाकडे चालू आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.