एका आण्यापासून सेस फंडापर्यंत

येलदरी म्हटलं की पूर्णेवरचं धरण आठवतं. 1968 साली पुरं झालेलं हे धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचं. पण येलदरीच्या माणसाला रोज ज्या सरकारशी काम पडतं, ते वेगळं. पोराचं नाव शाळेत घालायचं, जन्माची नोंद करायची, घरकुलाचा हप्ता कुठे अडला ते पाहायचं, म्हशीला लस टोचून घ्यायची, तर वाट जाते ग्रामपंचायतीकडे, तिथून जिंतूरच्या पंचायत समितीकडे आणि अखेर परभणीच्या जिल्हा परिषदेकडे. सातबारा, फेरफार किंवा जातीचा दाखला हवा असेल तर तलाठी, तहसील आणि कलेक्टर कचेरी. एकाच जिल्ह्यात सरकारची ही दोन घराणी नांदतात. त्यातलं सारा घेणारं महसुली घराणं थोरलं, सेवा देणारं पुष्कळ उशिरा जन्मलेलं.

थोरल्याचा जन्म 1865 सालचा. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; त्याचे दिवाण पहिले सालारजंग यांनी त्या वर्षी जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. त्याआधी महसूल मक्त्याने दिला जाई. सावकार-तालुकदार सरकारात ठरलेली रक्कम भरत आणि रयतेकडून जमेल तितकं ओरबाडत. सालारजंगांनी पगारी अधिकारी नेमले: जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार. रयतेचा जाच काही प्रमाणात कमी झाला, हे मान्य करायला हवं. पण ही सारी रचना उभी राहिली ती सारा खजिन्यात नीट पोचावा म्हणून. शाळा-दवाखान्यांचा विचार त्या पायात नव्हता.

तो विचार आला पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लोकल फंडाच्या रूपाने. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने चालवायचे. त्यासाठी जिल्हा बोर्डं आणि तालुका बोर्डं आली. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कोण? अव्वल तालुकदारच. पलीकडे इंग्रजी मुलखात लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर आणि 1884 च्या लोकल बोर्ड कायद्यानंतर मोजक्या करदात्यांना का होईना, मत मिळालं. परभणीच्या कुणब्याने आणा भरला, पण त्याचा रस्ता करायचा की विहीर, हे त्याला कुणी विचारलं नाही. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर हैदराबाद राज्याने 1955 चा जिल्हा बोर्ड कायदा आणि 1956 चा ग्रामपंचायत कायदा केला खरा, पण त्याच 1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि कायदे रुजायच्या आत घर बदललं. मुंबईचा 1958 चा ग्रामपंचायत कायदा इथेही लागू झाला. येलदरीची ग्रामपंचायत आजही त्याच कायद्याच्या वंशातली.

खरं वळण आलं ते महाराष्ट्र झाल्यावर. बलवंतराय मेहता समितीने 1957 साली देशासाठी सुचवलेल्या रचनेत खरं बळ तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीला होतं. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जून 1960 मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च 1961 च्या अहवालात तिने वेगळं मत दिलं: तालुका फार लहान, डॉक्टर, इंजिनिअर, कृषी अधिकारी पेलायचे तर जिल्हाच हवा. दुसरी शिफारस मला अधिक धाडसाची वाटते. कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवायचं, परिषदेला त्याच दर्जाचा स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा आणि अध्यक्ष सदस्यांमधून निवडायचा. अव्वल तालुकदाराच्या खुर्चीपासून शाळा-दवाखान्यांचा कारभार अशा रीतीने सुटा झाला. डिसेंबर 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांकडे एक ठेव आली, जी पश्चिम महाराष्ट्रात फारशी दिसत नाही. तिकडे हायस्कुलं बहुतांशी संस्थांनी काढली. इकडे हैदराबाद संस्थानाच्या काळातली सरकारी हायस्कुलं जिल्हा परिषदेकडे आली, म्हणून आपल्याकडे तालुक्याच्या गावी ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अशी पाटी असते. खाजगी शिक्षणाची फी न परवडणाऱ्या किती पोरांना या प्रशालांनी वर आणलं, याचं ऋण मराठवाड्याने मोकळेपणाने मानायला हवं.

24 एप्रिल 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. मुदतीत निवडणुका, राज्य वित्त आयोग आणि महिलांना एक तृतीयांश जागा आल्या; महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांच्या जागा निम्म्या केल्या. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. येलदरी परभणीत राहिली, नदीवर खाली असलेलं सिद्धेश्वर धरण हिंगोलीत गेलं. नदी तीच, पाणी तेच, पण आता दोन कलेक्टर, दोन जिल्हा परिषदा.

त्या जुन्या आण्याचा वारस अजून हयात आहे. शेतसाऱ्यावरचा उपकर आणि इतर स्वतःचं उत्पन्न मिळून जे जमतं, त्याला परिषदेत सगळे ‘सेस फंड’ म्हणतात. त्यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे. शिलाई मशीन, सायकल, पंप यांचे अर्ज यातूनच निघतात. सदस्यांना आपल्या मर्जीने खर्चता येणारा पैसा मुख्यतः हाच, आणि तो तुटपुंजा. शिक्षकांच्या पगारापासून बाकी सारं राज्याच्या अनुदानावर. निजामाच्या काळात पैसा लोकांचा आणि निर्णय अधिकाऱ्याचा होता. 1962 नंतर निर्णय लोकांच्या प्रतिनिधींकडे आला, तर थैली मुंबईने आपल्याकडे ठेवली. देणाऱ्या घराण्याचं दुखणं इथे आहे.

मार्च 2022 मध्ये परभणीसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या वादात लांबल्या आणि कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतींना, तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के असत. पण निवडून आलेली माणसं नसल्याने परिषदेचा आणि समितीचा तो वाटाही अडला. थैली आधीच हलकी, त्यात तिचा एक कप्पा निवडणूक न झाल्यामुळे बंद झाला. निवडणूक वेळेवर न घेण्याचा दोष येलदरीच्या मतदाराचा नव्हता, पण अडलेल्या निधीची झळ त्याच्याच गावच्या कामांना बसली.