७ सप्टेंबर : ब्रॅड स्नायडरचे लंडनमधील सुवर्ण
अमेरिकी नौदलातील बॉम्बनाशक अधिकारी ब्रॅड स्नायडर याने २०१२ मध्ये आजच्या दिवशी लंडन पॅरालिम्पिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. बरोबर एक वर्षापूर्वी, ७ सप्टेंबर २०११ रोजी, अफगाणिस्तानात जखमी साथीदारांच्या मदतीला धावताना त्याचा पाय पेरलेल्या स्फोटकावर पडला होता. हातपाय वाचले, दोन्ही डोळे गेले. नौदल अकादमीच्या जलतरण संघाचा हा माजी कर्णधार; पाणी त्याला नवे नव्हते, अंधार नवा होता.

त्याच्या एस-११ या अंध जलतरणपटूंच्या गटात सगळेच जण काळा चष्मा लावून पोहतात, म्हणजे कोणाला अंधुक दिसत असले तरी फायदा नको. अंगाला मार्गिकेची दोरी घासली की आपण वाकडे चाललो हे कळते. भिंत जवळ आली की काठावरचा मदतनीस लांब काठीने टोकतो. वळायचे त्याच इशाऱ्यावर. टोकणाऱ्याची वेळ चुकली तर डोके भिंतीवर आपटणार, हे वेगळे सांगायला नको.

लंडनमध्ये त्याने १०० मीटरचेही सुवर्ण मिळवले, २०१६ च्या रिओत आणखी तीन. टोकियोत तर तो वाटाड्यासह ट्रायथलॉन जिंकून गेला. बोटांनी चाचपून वेळ कळणाऱ्या एका मनगटी घड्याळाला त्याचे ‘ब्रॅडली’ हे नाव दिलेले आहे. डोळस मंडळीही ते हौसेने वापरतात.