सोन्याचा हिरवा उजेड

सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार येणारा प्रकाश पिवळा नसतो, हिरवट असतो. वर्ख ठोकणाऱ्यांच्या हाताखालून हे रोज जात असणार. मायकेल फॅरडेने मात्र त्यावर कित्येक महिने घालवले आणि ५ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती.

काचेवर बसवलेला वर्ख त्याने तापवला. सोने वितळण्याच्या कितीतरी आधीच हिरवा रंग आणि चकाकी दोन्ही गेली. मग गुळगुळीत खड्याने तीच जागा दाबली, तर हिरवा परत आला! सोने तेच आणि तेवढेच. बदलली होती फक्त त्याची ठेवण. पुढे सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्याने माणकासारखा लाल द्रव बनवला. भिंगाने एकवटलेला झोत त्यात सोडला की झोताची वाट उजळून दिसे, म्हणजे आत कण तरंगत होते. मीठ घातले की द्रव निळा पडे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला हे कण दिसत नव्हते. तरीही, केवळ कणांचे आकारमान बदलले की रंग बदलतो, असे अनुमान त्याने काढले. त्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत, आणि अजून लालसर आहेत.

गणित यायला अर्धे शतक लागले. मॅक्सवेल गार्नेटने १९०४ मध्ये धातूच्या पातळ थरांचे, तर गुस्ताव मीने १९०८ मध्ये सुट्या गोल कणांचे समीकरण मांडले. कणात कोंडलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि हिरवा भाग गिळतात, म्हणून लाल उरतो. कण वाढले किंवा एकमेकांना बिलगले की गिळला जाणारा भाग लालाकडे सरकतो.

चुंबकत्वातही आकारमानाची सत्ता चालते, कारण मात्र वेगळे. लोखंडाच्या मोठ्या कणात वेगवेगळ्या दिशांचे अनेक चुंबकी प्रदेश असतात. कण काही दशक नॅनोमीटरचा झाला की एकच प्रदेश उरतो आणि त्याची दिशा बदलणे अवघड होते. त्याहून बारीक केला, तर मात्र खोलीतली साधी उष्णताच ती दिशा उलटवते. लुई नेएलने १९४९ मध्ये याचा हिशोब दिला. संगणकाच्या हार्ड डिस्कवरचा थर अशाच कणांचा असतो. ते १० नॅनोमीटरच्या आसपास आले तेव्हा नोंदवलेली माहिती आपोआप पुसली जाण्याची भीती उभी राहिली, आणि कोबाल्टच्या मिश्रधातूत प्लॅटिनम घालून दिशा घट्ट धरून ठेवावी लागली.