जुनी मोटारसायकल : बखर आणि पुरावा

इतिहासाच्या अभ्यासकास जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच जुनी मोटारसायकल घेणाऱ्या नवख्या स्वारास उपयोगी पडते. 1955 सालीं मद्रासेस ‘बुलेट’ची जुळणी सुरू झाली व 1961 पासून म्हैसुरास ‘जावा’ तयार होऊं लागली. परंतु परवाना-पद्धतीच्या त्या काळांत उत्पादन मोजकें असल्यामुळें मुंबईंत गिरगांव-परळच्या पगारदार माणसास निवडीचा प्रश्न क्वचितच पडे. 1985 मध्यें शंभर सी. सी.ची चार-स्ट्रोकी ‘हीरो होंडा’ आली, आणि हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचें युग सुरू झालें. निवड आली, तिच्याबरोबर फसगतही आली.

विक्रेता सांगतो ती बखर. कागद आणि यंत्र हेच अस्सल पुरावे. नोंदणीपुस्तकांतील चॅसीचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावा. इंजिन थंड असतांना स्वतः सुरू करावें. आधींच तापविलेलें इंजिन आपला दोष लपवितें. चार-स्ट्रोकी गाडीचा निळसर धूर तेल जळत असल्याची साक्ष देतो, आणि सरळ रस्त्यावर एका बाजूस ओढणारी गाडी मागील अपघाताची शंका उत्पन्न करते.

शेवटीं घेणाऱ्यानें स्वतःसही पारखावें. लालबागच्या गर्दींत घडोघडी पाय टेकावे लागतात. ज्याचे तळवे जमिनीस नीट पोंचत नाहींत, त्यास साडेतीनशे सी. सी.चा डौल महागांत पडतो. बखरीवर विसंबणारा इतिहासकार फार तर चुकीचा ग्रंथ लिहितो. नवख्या स्वाराची चूक मात्र त्याच्या हाडांवर बेतते.