कॉम्प्युटर गाईडेड डेंटल इम्प्लांट किती अचूक असतं?

मी वालीवचा. इथल्या गाळ्यांमध्ये भोक नेमक्या जागी पडावं म्हणून ड्रिलला जिग लावतात. आईच्या खालच्या दाढेच्या इम्प्लांटसाठी डॉक्टरांनी 'सर्जिकल गाईड' दाखवलं, तेव्हा मला जिगच आठवला.

गाईड बनतं कसं?
सीबीसीटी स्कॅनमधून जबड्याच्या हाडाचं थ्रीडी चित्र मिळतं, तर तोंडात फिरवायच्या छोट्या स्कॅनरमधून दात-हिरड्यांचं. सॉफ्टवेअर दोन्ही एकमेकांवर जुळवतं. डॉक्टर स्क्रीनवर इम्प्लांटची जागा, कोन आणि खोली ठरवतात. मग थ्रीडी प्रिंटरवर दातांवर घट्ट बसणारं गाईड छापतात. त्यातल्या नळीतूनच ड्रिल आत जातं.

मग चूक शून्य?
नाही. 2018 मध्ये 20 क्लिनिकल अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 471 पेशंट आणि 2,238 इम्प्लांट होते. प्लॅन आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी फरक निघाला तो असा: हाडात शिरताना 1.2 मिमी, आतल्या टोकाला 1.4 मिमी, कोनात 3.5 अंश. स्कॅनवेळी पेशंट हलणं, जुळणी चुकणं, गाईड नीट न बसणं अशा छोट्या चुका साठत जातात.

मिलीमीटरने काय बिघडतं?
खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला इजा झाली तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून किमान 2 मिमी अंतर राखावं, असं तोच आढावा सांगतो.

तेव्हा 'गाईड वापरता का?' एवढ्यावर थांबू नका. 'नसेपासून किती अंतर ठेवलंय?' हेही विचारा आणि स्क्रीनवर बघून घ्या. आम्ही तेच केलं.