शर्मिष्ठा आणि ग्रीकांची राणी

मार्गशीर्षांत रात्रीं नवाच्या सुमारास सोलापूर शहराबाहेरील माळावरून उत्तरेकडे पाहिलें, तर ध्रुवाच्या बऱ्याच वर पांच ठळक तारे रोमन लिपींतील ‘एम्’ अक्षरासारखे मांडलेले दिसतात. आपल्याकडे या पुंजास शर्मिष्ठा म्हणतात. पाश्चात्त्य त्यास कॅसिओपिया म्हणतात. शर्मिष्ठा हें नांव ऐकतांच पुष्कळांचा समज होतो कीं, आदिपर्वांतील कथा आपल्या पूर्वजांनीं पुरातन काळींच आकाशांत पाहिली होती. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

ग्रीक कथा अशी: कॅसिओपिया ही इथिओपियाचा राजा सेफियस याची राणी. आपलें रूप सागरकन्यांहूनही सरस आहे, अशी बढाई तिनें मारली. तेव्हां समुद्रदेव पोसायडन यानें राज्यावर एक जलराक्षस धाडला, आणि त्याच्या शांतीसाठीं राजकन्या अँड्रोमेडा हिला खडकाशीं जखडावें लागलें. पर्सियस या वीरानें तिला सोडविलें. पुढें हीं सारीं आकाशांत गेलीं. परंतु गर्विष्ठ राणीच्या वांट्यास आसनासह ध्रुवाभोंवतीं फिरत, अर्धा वेळ डोकें खालीं करून राहण्याची शिक्षा आली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें केलेल्या ४८ तारकासमूहांच्या यादींत हें कुटुंब आहे.

आपल्या ज्योतिषाची दृष्टि निराळी होती. चंद्राचा मार्ग मोजण्यास २७ नक्षत्रें पुरत. त्यांबाहेर सप्तर्षि, ध्रुव, अगस्त्य, ब्रह्महृदय अशा मोजक्याच ताऱ्यांस मान मिळाला. शर्मिष्ठा, देवयानी, ययाति व वृषपर्वा हीं तारकासमूहांचीं नांवें पाश्चात्त्य तारकापटांशीं परिचय झाल्यावर योजिलेलीं आहेत.

योजना रसिकतेची आहे, यांत शंका नाहीं. पर्सियसानें अँड्रोमेडेस सोडविलें; ययातीनें देवयानीस हात देऊन विहिरींतून वर काढलें. दोन्हीकडे राजस्त्रीचा गर्व अनर्थास कारण झाला. परंतु सेफियस हा कॅसिओपियेचा पति, तर वृषपर्वा शर्मिष्ठेचा पिता. याहून मोठा भेद पुढेंच आहे. ग्रीक राणीच्या अपराधाचें प्रायश्चित्त प्रथम तिच्या निरपराध कन्येस भोगावें लागलें. शर्मिष्ठेनें आपल्या कुलाच्या हितासाठीं देवयानीचें दास्य स्वतः पत्करलें. नांव बदलतांच कथेचा नैतिक अर्थही पालटला.

भूगोलाची साक्षही घेऊं. सोलापूरचें अक्षांश सुमारें १७ अंश ४० कला. म्हणून ध्रुव तेथें क्षितिजापासून तितकाच वर दिसतो. शर्मिष्ठेचे पांच तारे ध्रुवापासून सुमारें २६ ते ३४ अंश दूर आहेत. अर्थात् ते ध्रुवाच्या खालच्या बाजूस येतात, तेव्हां क्षितिजाआड गेलेले असतात. अथेन्सचें अक्षांश ३८ अंश. तेथें हे तारे आज मावळत नाहींत. अयनचलनामुळें प्राचीन काळीं ते ध्रुवापासून अधिक दूर होते. म्हणूनच इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतील आराटस या ग्रीक कवीनें राणी डोक्याकडून समुद्रांत शिरते असें वर्णन केलें. सोलापुरास मात्र ती पूर्ण उलटी झालेली कधींच दिसत नाहीं. ज्या देखाव्यावर ग्रीकांनीं शिक्षेची कल्पना उभारली, तो देखावाच येथें नाहीं.

नांव अर्वाचीन ठरलें म्हणून तें टाकून देण्याचें कारण नाहीं. चांगलें भाषांतर हीही भाषेची मिळकतच होय. मात्र त्यास पुरातन म्हणून मिरविल्यानें ग्रीकांचें ऋण लपतें, आणि २७ नक्षत्रांची मांडणी करणाऱ्या आपल्या पूर्वजांचें खरें कर्तृत्वही झांकलें जातें.