एकाच मापाची दोन एंजिने

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरून एखादी जुनी ‘आरएक्स १००’ गेली, की मागे वळून न पाहताही ती आवाजावरून ओळखू येते. एवढीशी गाडी इतकी जोरात कशी पळते, असे मुले विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना वर्गात बरेच विज्ञान शिकवता येते.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बुलेट, राजदूत किंवा येझदी. मग जपानी सहकार्याने हलक्या, १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ साली हीरो होंडाची ‘सीडी १००’ आली आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्‌सने यामाहाची ‘आरएक्स १००’ आणली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाजचा कारखानाही १९८५ मध्येच सुरू झाला. पुढल्या वर्षी बजाजने ‘कावासाकी केबी १००’ बाजारात आणली.

यांपैकी पहिल्या दोन गाड्यांची तुलना करू. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ५० मिलिमीटर. वृत्तचितीच्या सूत्राने आकारमान येते सुमारे ९८ घनसेंटिमीटर. सीडीचा व्यास तेवढाच, धाव ४९.५ मिलिमीटर, आकारमान सुमारे ९७. म्हणजे मापे जवळजवळ सारखी. तरी आरएक्सची शक्ती ११ अश्वशक्ती, तर सीडीची सुमारे ७. असे का?

सीडीचे एंजिन फोर-स्ट्रोक. त्यात दट्ट्याच्या चार धावांत, म्हणजे दांड्याच्या दोन फेऱ्यांत, इंधन एकदाच पेटते. आरएक्सच्या टू-स्ट्रोक एंजिनात ते प्रत्येक फेरीला पेटते. मग शक्ती दुप्पट का नाही? कारण जळालेला वायू बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी होतात. साहजिकच थोडे ताजे मिश्रण न जळताच निसटते.

ही गळती कमी करण्याची युक्ती धुराच्या नळीत होती. नळीचा फुगीर भाग पुढे निमुळता होतो. तेथून दाबाची लहर परत फिरते आणि निसटणारे मिश्रण पुन्हा आत ढकलते. मात्र ही लहर ठरावीक वेगालाच वेळेवर पोहोचते. म्हणून एंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, की गाडी एकदम उसळी घेते. गाडीचे वजन अवघे १०० किलोच्या आसपास असल्याने ही उसळी चांगलीच जाणवते.

तरीही गळती पुरती थांबली नाही. कार्ब्युरेटरच्या लहान टू-स्ट्रोक एंजिनांत साधारण १५ ते ४० टक्के इंधन न जळताच हवेत जाते. शिवाय पेट्रोलबरोबर वंगणतेलही जळते. निळसर धूर त्याचाच. १९८५ साली गाडी घेणारा वेग आणि मायलेज पाहत असे, हा धूर कोणाच्याच हिशेबात नव्हता. १९९१ पासून धुरावर मर्यादा आल्या आणि १९९६ मध्ये त्या कडक झाल्या. त्याच वर्षी आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. बजाजने तर १९९१ मध्येच फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली होती. शर्यतीत मागे पडणारे एंजिन अखेर रस्त्यावर टिकले.

वर्गात मुलांना दोन्ही आकारमाने काढायला सांगावीत. मग विचारावे: एक लिटर पेट्रोलपैकी पाव लिटर न जळताच गेले, तर त्याची किंमत गाडीवाल्याने किती मोजली आणि मागून सायकलवर येणाऱ्याने किती?